आपली तीन मिनिटं झाली

माझ्या आत्याने आयुष्यात कधी आधी फोन ठेवलेला नाही. म्हणजे त्या दिवसापर्यंत ठेवला नव्हता. अडतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, बाहेरगावचे कॉल बोर्डावर हाताने दोऱ्या खोचून जोडायची, दर तीन मिनिटांनी वेळ झाल्याचं लाइनवर सांगायची, आणि पहिल्याच दिवशी तिला तिथे दोन नियम शिकवले होते. लाइनवर जे ऐकलं ते पोटात ठेवायचं, आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचं नाही. एक्स्चेंजच्या जागी आता चपलांचं दुकान आहे. पण आत्याच्या अंगातून ते दोन नियम काही निघाले नाहीत. राँग नंबर लागला तरी समोरचा कंटाळून ठेवेपर्यंत ही बाई रिसीव्हर धरून उभी!

यावरून मी तिला किती बोलले असेन त्याला गणती नाही. मला घरात ठिणगी म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर सुरक्षित ठेवायचं काम मी करते. दिवसभर लोकांना सांगत असते, हे उघडू नका, ते दाबू नका, कोड कोणाला देऊ नका. लोक माना डोलावतात आणि दुपारी तेच करून बसतात. मग माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर आत्या. नोकरी सुटली तरी आवाज सुटला नव्हता, म्हणून ती अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागली. तिचा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं कपड्यांचं कपाट. आत हिवाळ्यातले जाड कोट टांगलेले, त्यांच्यामध्ये माइक, आणि बाहेर टेबलावर कॉम्प्युटर. आत्या कपाटात तोंड घालून वाचायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिला कोणीतरी रागावलंय.

गेले अकरा महिने एकच पुस्तक चालू होतं. कायद्याचं, विटेएवढं जाड, एक्केचाळीस प्रकरणं. ते हवं होतं एका मुलीला. जन्मापासून दिसत नाही, वकिलीचं शिकते, आणि फोनवर आत्याशी असा वाद घालते की आत्या तिला वकिलीणबाईच म्हणते. पुस्तक इतकं जुनं आणि तळटीपांनी भरलेलं की कॉम्प्युटरचा आवाज त्यात दर दोन ओळींनी अडखळायचा. तिला माणसाचा आवाज हवा होता. चाळीस प्रकरणं झाली होती, एक राहिलं होतं, आणि आठ दिवसांवर तिची परीक्षा होती.

झालेली चाळीस देऊन टाक, असं मी शंभरदा म्हटलं. पण नाही! “अर्धा जोडलेला कॉल म्हणजे न जोडलेला कॉल. सगळं झालं, एकदा ऐकून तपासलं, की एकदम देणार.” म्हणजे अकरा महिन्यांचा घसा एका डब्यात, आणि दुसरीकडे कुठेही प्रत नाही. आत्याला मात्र वाटत होतं की आहे. का वाटत होतं, तिथे मी येतेच. लपवून कुठे जाणार?

त्या दिवशी सकाळी अकराला ऑफिसच्या हॉलमध्ये तीस लोकांसमोर माझं भाषण चालू होतं. विषय अर्थातच ऑनलाइन फसवणूक. माझा फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेला होता. मी अगदी रंगात येऊन सांगत होते, “आणि प्रत काढून ठेवा! वेगळ्या डिस्कवर! आणि ती डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा!” तेवढ्यात पडद्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत एक मेसेज आला. तुमच्या मेलचा पासवर्ड बदलण्यासाठीचा कोड. कोणालाही सांगू नका.

“मॅडम, हे प्रात्यक्षिक आहे का?” मागून कोणीतरी विचारलं.

मी काही बोलणार तोच दुसरा कोड आला. मग तिसरा. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझा पासवर्ड कोणीच बदलत नव्हतं. हा आत्याचा मेल होता! तिच्याकडे मोबाइल नाही, म्हणून तिच्या मेलला मी माझा नंबर दिला होता.

तिला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तीस माणसं ती टूंटूं ऐकत बसलेली, कारण आवाजही हॉलच्या स्पीकरला जोडलेला.

“दहा मिनिटांचा ब्रेक!” मी ओरडले, फोन आणि पिशवी उचलली आणि सुटले. मागे फळ्यावर मीच लिहिलेलं वाक्य राहिलं होतं, ‘घाई हे ठगाचं हत्यार आहे’. असू दे! घाई आता माझंही हत्यार होतं.

आत्याचं घर पुलापलीकडे आहे. रिक्षा नाही, बस नाही, पुलावर गाड्या खोळंबलेल्या. मी धावले. ऑफिसच्या चपला धावायच्या नसतात, त्यातल्या एकीचा पट्टा पुलाच्या मध्यावर तुटला. दुसरीही काढून हातात घेतली. एक फळवाला म्हणाला, “बाई, चोर कुठल्या बाजूला गेला?” मी म्हटलं, “घरात बसलाय!” आणि पुढे. छाती फुटायला आली होती, पण खरं सांगू? मजाही येत होती. आयुष्यभर ज्या चोरांची नुसती चित्रं दाखवली त्यातला एक आज जिवंत सापडला होता, आणि माझी आत्या त्याच्या तावडीत होती. माझ्या आत्याच्या!

चार मजले चढून दाराशी पोहोचले. माझ्याकडे किल्ली होती. कुलूप उघडलं, दार ढकललं, आणि ते चार बोटं उघडून खटकन अडलं. आतून साखळी. ती साखळी मीच बसवून घेतली होती. एकटी राहतेस, लावत जा, म्हणून मीच कटकट केली होती.

फटीतून मला लांब सरळ पॅसेज दिसत होता. मधोमध टेलिफोनचं टेबल, त्याच्यावर फळीवर इंटरनेटची डबी, तिचे हिरवे दिवे लुकलुकतायत. टोकाला बेडरूमचं उघडं दार आणि त्यात कॉम्प्युटरचा पडदा, अर्धा लाल, अर्ध्यावर फाइलींची यादी. आणि टेबलाशी आत्या, ताठ उभी, रिसीव्हर कानाला.

“आत्या! दार उघड!”

तिने ओठांवर बोट ठेवलं. मी कॉलवर आहे, ओरडू नकोस, असं.

“आधी फोन ठेव! तो चोर आहे!”

तिने बोलायच्या भागावर हात ठेवला. “कंपनीचा माणूस आहे गं. फार अदबीने बोलतोय. कॉम्प्युटरवर एकदम लाल पडदा आला, भोंगा वाजायला लागला. व्हायरस शिरलाय, या नंबरवर ताबडतोब फोन करा, असं लिहिलं होतं. म्हणून लावला.”

“पण लावलास कशाला?”

“नंबर समोर आल्यावर लावायचा नाही तर काय करायचं?”

घ्या! अडतीस वर्षं जिने समोर आलेला प्रत्येक नंबर लावला, तिला याहून वेगळं काय सुचणार? आणि हे झालं कशावरून, तर शेवटच्या प्रकरणात एक परकीय शब्द होता, त्याचा उच्चार नीट कळावा म्हणून ती कुठल्याशा साइटवर गेली होती. चुकीचा उच्चार वकिलीणबाईच्या कानात जाऊ नये म्हणून!

“आत्या, ऐक. कुठलीही खरी कंपनी असा भोंगा वाजवून फोन नंबर देत नाही. कॉम्प्युटरमध्ये त्याला शिरू दिलंस का?”

“रिसीव्हर टेबलावर ठेवून आत गेले आणि त्याने सांगितलं ते दाबलं. आता बाण आपोआप फिरतोय. आणि ठिणगे...” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “व्हायरस माझी प्रकरणं खातोय. तिथे नावं बदलतायत, शेवटून एकेक. तो म्हणतो, कोड सांगितला की थांबवतो. कोड तुझ्याकडे येतो, हे मी त्याला सांगितलं. तू आलीसच तर देऊन टाक ना गं.”

व्हायरस कसला, तोच बसून एकेक फाइलला टाळं लावत होता आणि तीच भीती घालून तिच्या मेलची किल्ली मागत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

“तोच करतोय हे! साखळी काढ, मी बघते त्याला!”

“आता रिसीव्हर कानापासून हलवला तर सगळं एका क्षणात पुसलं जाईल म्हणतोय.”

टेलिफोनची वायर दारापर्यंत पुरत नव्हती. चार पावलं कमी पडत होती. मी फटीतून हात घातला, साखळी ओढली, खांदा लावला. साखळी भक्कम होती. मी निवडून आणलेली होती ना! शेजारी कामावर गेलेले, जिन्यात चिटपाखरू नाही. म्हणजे अख्ख्या घरात चालणारे हात दोनच, तेही आत्याचे.

“आत्या, तुझ्या डोक्यावर फळी आहे. त्यावर डबी. तिला मागून पिवळी वायर आहे. ती ओढ. नेट बंद झालं की त्याचा हात तुटला.”

“तो म्हणतो, वायरला हात लावला तरी सगळं जाईल.”

“तो म्हणणारच!”

रिसीव्हर कानाला घट्ट दाबून तिने डोळे मिटले. मला वाटलं, घाबरून पाचावर धारण बसली हिची. पण नाही, ती ऐकत होती. त्याचं बोलणं नाही, त्याच्या मागचं.

“त्याच्यामागे एक माणूस खोकतोय,” ती हळूच म्हणाली.

“खोकू दे गं! मरू दे!”

“ऐक तर. दोनदा खोकतो, मग खुर्ची सरकते, मग एक बाई हसते. थोड्या वेळाने परत दोनदा खोकतो, खुर्ची सरकते, बाई हसते. पाचवी खेप आहे. माणसं अशी खोकत नाहीत.” तिने डोळे उघडले. “तिथे ऑफिस नाहीच ठिणगे. टेप लावलीय.”

दारावर कपाळ आपटून मी म्हटलं, “अगं हेच तर मी अर्धा तास... बरं! मग ओढ वायर!”

तिचा डावा हात वर गेला आणि फळीच्या काठाशी थांबला. खोटं कळलं होतं. पण त्याची धमकीही खोटी असेल कशावरून? बेडरूममधल्या पडद्यावर अजून एका ओळीचं नाव बदललं, मला इथूनही दिसलं.

“एक सांग,” ती म्हणाली. “तू महिन्यापूर्वी डिस्क आणणार होतीस. मी सगळं त्या डिस्कवर उतरवून नेते म्हणालीस. त्या रविवारी बसलीही होतीस कॉम्प्युटरसमोर. तुझ्याकडे आहे ना सगळं? असेल तर मी बेधडक ओढते.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या रविवारी मी तिच्या कॉम्प्युटरवर क्रिकेटचा स्कोअर बघत बसले होते. डिस्क माझ्या पिशवीत होती, याच पिशवीत, आत्ता खांद्यावर, प्लास्टिकचं वेष्टनही न फोडलेली. उद्या करू, परवा करू म्हणत महिना गेला होता.

‘हो आहे’ एवढं म्हटलं असतं की काम होतं. तिने वायर ओढली असती. जिभेवर आलं होतं. पण तिच्याकडे पाहिलं आणि खोटं बोलवेना.

“नाही आत्या,” मी म्हणाले. “काहीच नाही माझ्याकडे. डिस्क कोरी आहे. मी आळस केला. तुला खोटं वाटू दिलं. पण वायर ओढ. गेलं तर माझ्यामुळे गेलं. नाही ओढलीस तर नक्की जाईल.” आणि मला भडभडून आलं, दारातच, हातात तुटकी चप्पल घेऊन.

आत्या फटीतून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला जन्मात माफ करणार नाही.

“हा आवाज खरा आहे,” ती म्हणाली.

आणि तिने वायर ओढली! चाचपडत नाही, अडखळत नाही. अंगठ्याने खिटी दाबून एका झटक्यात, अडतीस वर्षं ओढल्या तशी. एक्स्चेंजमध्ये कॉल संपून दिवा विझल्याशिवाय दोरी ओढायची नाही, असा तिचा तिसरा नियम होता, तो मला नंतर कळला. डबीवरचे दिवे हिरवे असतानाच तिने तो मोडला. बेडरूममधला बाण जागच्या जागी थिजला.

रिसीव्हरमधून आरडाओरडा सुरू झाला. इतका की दारापर्यंत ऐकू आला. अदब कुठल्या कुठे गेली, आणि जे शब्द आले ते मी इथे लिहिणार नाही. आत्या ऐकत होती. सवयीने ऐकतच होती.

“अगं ठेव ना!”

तिने पाठ ताठ केली. घसा साफ केला. आणि लहानपणी मी सुट्टीत तिच्या एक्स्चेंजमध्ये जाऊन जो ऐकायचे, तो गोड, सपाट, सरकारी आवाज अख्ख्या पॅसेजमध्ये घुमला. “क्षमा करा. आपली तीन मिनिटं झाली.”

खट्. आत्याने फोन ठेवला. आधी!

तिने साखळी काढली आणि मी आत पडलेच जवळजवळ. कॉम्प्युटरचं बटण दाबून धरून तो बंद केला. मग आम्ही दोघी पॅसेजमध्ये जमिनीवर बसून वेड्यासारख्या हसलो. “उद्धट वाटलं का गं?” तिने विचारलं, आणि मी परत हसायला लागले.

नंतर मी नेट न जोडता कॉम्प्युटर नीट उघडला. त्याने पेरलेलं सगळं शोधून उपटलं, पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले. हे सगळं करताना ती मागे उभी होती आणि मी तोंड उघडत नव्हते, कारण शेवटी मोजायचंच होतं. एकोणतीस प्रकरणं धडधाकट होती. अकरांना टाळं लागलं होतं, ती गेली. अकरा आणि न वाचलेलं एक, बारा.

मी डिस्कचं वेष्टन फोडलं. वरातीमागून घोडं, पण निघालं एकदाचं. एकोणतीस प्रकरणं तिच्यावर उतरवली, डिस्क काढून पिशवीत टाकली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मग आत्याने वकिलीणबाईला फोन लावला.

“बाळ, माझ्याकडून एक मोठी चूक झाली...” तिने सुरुवात केली. मी रिसीव्हर हिसकावला. “तिची नाही, माझी,” मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं, कोऱ्या डिस्कसकट. बारा प्रकरणं नाहीत, सांगितलं. मला वाटलं, आता ही रडणार.

“एक प्रकरण वाचायला किती वेळ लागतो?” मुलीने विचारलं. आवाजात रडण्याचा मागमूस नाही.

“तासभर.”

“मग फोनवरच वाचायला सांगा ना. मी इकडे रेकॉर्ड करून घेते. रोज दोन. सहा दिवसांत संपेल, दोन दिवस उजळणीला. आणि ती एकोणतीस आजच पाठवा, अर्धं देत नाही हे कारण कोर्टात टिकणार नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “त्यांना विचारा, आत्ता वेळ आहे का?”

आत्याने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. मी बेडरूममधून ते विटेएवढं पुस्तक आणलं, तिला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. तिने तिसावं प्रकरण उघडलं आणि वाचायला लागली. कोट नाहीत, माइक नाही, खालून हॉर्न वाजतायत, आणि तिचा आवाज असा चालला होता की ऑफिसातली तीस माणसं माझी वाट बघतायत हे मी साफ विसरून गेले.

तिसावं संपलं, मग एकतिसावंही संपलं. मुलगी काहीतरी म्हणाली, आत्या हसली, “उद्या याच वेळी,” म्हणाली. मग दोघी गप्प झाल्या. आत्या रिसीव्हर कानाला लावून बसून राहिली.

“आता काय?” मी खुणेने विचारलं.

तिने बोलायच्या भागावर हात ठेवला. “तिने अजून ठेवला नाहीये,” ती कुजबुजली.